जुनी वास्तू, नवे सूर

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल येथे एक जुने विद्यापीठ आहे. तेथे १७९५ सालापासून विद्यार्थी शिकत आले आहेत. या विद्यापीठाच्या आवारात १९०७ साली ग्रंथालयाची एक देखणी इमारत उभी राहिली. पोलादाच्या धंद्यात अफाट संपत्ती मिळवून ती ग्रंथालयांसाठी खर्च करणारे अँड्र्यू कार्नेगी यांनी तिच्यासाठी पैसा दिला होता. पुढे पुस्तके इतकी वाढली की ती इमारत अपुरी पडू लागली आणि १९२९ साली ग्रंथालय नव्या, मोठ्या इमारतीत गेले. मागे राहिलेली वास्तू १९३० साली संगीत विभागाला मिळाली. जॉन स्प्रंट हिल या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून तिचे रूपांतर झाले, मागच्या बाजूला एक सभागृह जोडले गेले आणि इमारतीला 'हिल हॉल' हे नाव पडले. पुढे जवळजवळ पंचाऐंशी वर्षे ती वापरात राहिली. मग पुन्हा एकदा मोठे नूतनीकरण झाले आणि २०१७ साली ती नव्याने उघडली. या वेळच्या कामात सभागृहाची श्राव्यता सुधारणे आणि आतली हवा नियंत्रित करणे यांवर मुख्य भर होता.

जेथे कुजबुजणेसुद्धा वर्ज्य होते, तेथे आता ट्रम्पेट आणि व्हायोलिन वाजतात. जुन्या ग्रंथालयाची संगीतशाळा करायची म्हणजे नेमके काय करायचे? भिंतींना रंग द्यायचा, पुस्तकांची कपाटे काढून पियानो ठेवायचे आणि दारावरची पाटी बदलायची, एवढ्याने भागत नाही. अशा कामात पदोपदी भौतिकशास्त्र आडवे येते आणि तेही बहुतेक शाळेतल्या पाठ्यपुस्तकातलेच. आपण त्यातले काही प्रश्न एकेक करून पाहू. हे हिशेब केवळ हिल हॉलपुरते नाहीत. कोणतीही जुनी वास्तू संगीतासाठी वापरायची झाली, तर ते करावेच लागतात.

पुस्तके गेली की आवाज घुमतो

रिकाम्या घरात बोलले की आवाज घुमतो आणि सामान आले की घुमणे थांबते, हा अनुभव घर बदललेल्या प्रत्येकाला असतो. ध्वनिलहरी कठीण भिंतीवर आदळल्या की त्यांची बहुतेक ऊर्जा परत फिरते. त्या एका भिंतीवरून दुसरीवर अशा आपटत राहतात आणि मूळ आवाज थांबल्यावरही काही वेळ ऐकू येत राहतात. याला निनाद म्हणतात. कापूस, कापड, कागद, माणसांचे अंगावरचे कपडे अशा सच्छिद्र वस्तूंत मात्र हवेचे कण बारीक छिद्रांतून पुढेमागे हलतात, घर्षण होते आणि ध्वनीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. पुस्तकांनी भरलेली उघडी कपाटे हे काम चांगले करतात. तेव्हा ग्रंथालयातून पुस्तके हलली की त्यांच्याबरोबर ध्वनिशोषकही निघून जातो. मागे उरतात उंच छत, गिलाव्याच्या भिंती आणि दगडी किंवा लाकडी जमीन.

निनादाचा हिशेब मांडता येतो हे प्रथम दाखवले गेले तेही एका विद्यापीठाच्या आवारातच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत झाली. तिच्यातल्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतो ते कोणालाच समजेना. एक शब्द विरून जायला सुमारे साडेपाच सेकंद लागत आणि तेवढ्यात वक्ता पुढचे बारा-पंधरा शब्द बोलून गेलेला असे. वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या भौतिकीच्या अध्यापकावर हा दोष दूर करण्याचे काम सोपवण्यात आले. सॅबिनजवळ साधने कोणती? ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे यंत्र आणि स्वतःचे कान. बाहेरचा गोंगाट नको म्हणून तो रात्री काम करी. विद्यापीठाच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो व्याख्यानगृहात मांडी, नळी वाजवून थांबवी आणि आवाज किती वेळाने विरतो ते मोजी. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर जात. अशा शेकडो मोजमापांतून १८९८ साली त्याला एक साधे सूत्र मिळाले. मीटरमध्ये ते असे लिहितात :

निनादकाल (सेकंद) = ०.१६ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण

निनादकाल म्हणजे ध्वनीची तीव्रता मूळच्या दशलक्षांश होण्यास लागणारा वेळ. शोषण मोजायला सॅबिनने निवडलेले माप मोठे गमतीचे आहे. ते म्हणजे उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी परत येतच नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक. गिलाव्याची भिंत पडलेल्या ध्वनीचा सुमारे शंभरांतला तीनच भाग शोषते, म्हणून तिच्या एका चौरस मीटरचे शोषण ०.०३ एकक.

हे सूत्र आपल्या वर्गाला लावून पाहू. वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच आहे असे समजा. घनफळ १६८ घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून पृष्ठफळ १९४ चौरस मीटर. सगळे कठीण असेल तर एकूण शोषण सुमारे ५.८ एकके आणि निनादकाल ४.६ सेकंद! आता प्रत्येकी १.४४ चौरस मीटरच्या चार खिडक्या उघडा. शोषण दुप्पट होईल आणि निनादकाल २.३ सेकंदांवर येईल. मग ५० मुले येऊन बसली. एकेका मुलाचे शोषण ०.४ एकक धरले तर आणखी २० एककांची भर पडते आणि निनादकाल ०.८५ सेकंद होतो. वर्गातले सर्वांत चांगले ध्वनिशोषक म्हणजे वर्गातली मुले, असे या हिशेबातून निघते.

एका छताखाली अनेक गरजा

निनाद अजिबात नको असे मात्र नाही. बोलणे स्पष्ट कळायला वर्गात ०.६ ते ०.८ सेकंद बरे. चार-पाच वादकांच्या मैफलीला दीड सेकंदाच्या आसपास हवा, नाहीतर सूर कोरडे वाटतात. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या जवळपास लागतो. सॅबिनच्या हिशेबाने बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले. ते श्रोत्यांनी भरलेले असताना निनादकाल १.९ सेकंदांच्या आसपास भरतो आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याची गणना होते.

संगीतशाळेत व्याख्यानाचे वर्ग, सरावाच्या खोल्या, तालमीची जागा आणि मैफलीचे सभागृह हे सगळे एकाच छताखाली असते. प्रत्येकाचा निनादकाल वेगळा हवा. सभागृहात यावर एक सोपा उपाय आहे. भिंतीलगत जाड पडदे लावायचे. व्याख्यान असेल तर ते पसरायचे, मैफल असेल तर गुंडाळून ठेवायचे.

सरावाच्या खोल्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. तीन मीटर अंतरावर समोरासमोर भिंती असतील तर ३४० ÷ (२ × ३), म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ कंपनांचा सूर त्या दोन भिंतींमध्ये नेमका बसतो आणि इतरांपेक्षा जास्त जोराने ऐकू येतो. ५७ च्या पटीतल्या सुरांचेही तसेच होते. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असेल तर तिन्ही दिशांना हाच प्रकार घडतो. अशा खोलीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपला कोणता सूर कमी-जास्त लागला आणि खोलीने कोणता वाढवला, हेच कळत नाही. चुकीच्या आरशात पाहून केस विंचरण्यासारखे ते आहे. म्हणून एखादी भिंत किंचित तिरकी करतात किंवा आतून खालीवर उंचीचे फळकूट लावून लहरी विखरून टाकतात.

शिवाय प्रश्न कानांच्या आरोग्याचाही आहे. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत ऐकावा, त्यापुढे दर ३ डेसिबेलला ही वेळ निम्मी करावी, असा कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरला जाणारा एक नियम आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबेलला एकच तास मिळतो. लहान, कठीण भिंतींच्या खोलीत पितळी वाद्याचा आवाज हा आकडा सहज गाठतो. खोलीतले शोषण दुप्पट केले तर घुमणारा आवाज ३ डेसिबेलने उतरतो, म्हणजे सरावाची सुरक्षित वेळ जवळजवळ दुप्पट होते.

भिंत जाड, पण दाराखाली फट

जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात आणि ही मोठी जमेची बाजू आहे. भिंत जितकी जड तितकी ती ध्वनीच्या दाबाने कमी हलते. वजन दुप्पट झाले की पलीकडे जाणारा आवाज पाच-सहा डेसिबेलने घटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली २३ सेंटिमीटरची विटांची भिंत आवाज सुमारे ५० डेसिबेलने कमी करते. १० डेसिबेल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, या हिशेबाने ५० डेसिबेल म्हणजे ऊर्जा एक लाखाव्या भागावर येणे.

आता दार पाहा. दार १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. खाली १ सेंटिमीटरची फट आहे. फटीचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि दाराचे २०,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दारावर पडलेल्या ध्वनीचा दोनशेवा भाग फटीतून सरळ निघून जातो. डेसिबेलमध्ये ही घट फक्त २३ भरते. दार सागवानी असो वा लोखंडी, फट आहे तोवर ते यापुढे जाऊ शकत नाही. खोलीत ट्रम्पेट ९५ डेसिबेलने वाजत असेल, तर ढोबळमानाने ७२ डेसिबेल दाराबाहेर येतात. हे तर जवळ उभे राहून मोठ्याने बोलण्याइतके झाले. पाणी गळते तसाच ध्वनीही गळतो, म्हणून संगीतशाळेत दाराच्या चारही बाजूंना रबरी पट्ट्या असतात.

पण जुने कोरीव दार काढून फेकायचे का? येथे वास्तुजतनाचे शास्त्र आड येते. १९६४ साली व्हेनिस येथे जतनाची जी सनद तयार झाली, तिच्यात म्हटले आहे की वास्तू समाजोपयोगी कामासाठी वापरात ठेवणे तिच्या जतनाला मदतच करते, मात्र त्यासाठी तिची रचना आणि सजावट बदलू नये. अमेरिकेतल्या नियमांतही असे एक तत्त्व आहे की नवी भर उद्या काढून टाकली तरी जुन्या वास्तूचे मूळ रूप अबाधित राहावे. म्हणून जुने दार जागेवर ठेवतात आणि आत चार-पाच फुटांवर दुसरे घट्ट बसणारे दार लावतात. खिडकीचेही तसेच. जुनी तावदाने बाहेरून होती तशी राहतात आणि आत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी बसते. मधली हवा हलक्या गादीसारखे काम करते.

आता जमीन. चेलो या वाद्याचा अणकुचीदार पाय जमिनीला टेकलेला असतो. पियानोचे पायही तसेच. ही कंपने हवेतून जात नाहीत, तुळयांतून सरळ खालच्या खोलीत उतरतात. त्यांना अडवायला रबराच्या तुकड्यांवर तोललेली दुसरी जमीन करतात आणि तिच्यावर भिंती उभारून खोलीच्या आत खोली बांधतात. ही आतली खोली बाहेरच्या खोलीला कठीणपणे कोठेही चिकटत नाही.

पण येथेच खरी कसोटी लागते. आवाज अडवायला वजन हवे आणि जुन्या जमिनीला वजन सोसत नाही. १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर चौरस मीटरला सुमारे २४० किलोग्रॅम भरतो. वर्गखोलीच्या जमिनी साधारण २०० ते ३०० किलोग्रॅम भाराच्या हिशेबाने बांधतात. म्हणजे विद्यार्थी आणि वाद्ये येण्याआधीच क्षमता संपली! पुस्तकांच्या दालनाची जमीन मात्र ७०० किलोग्रॅमच्या आसपास भार धरून करतात. त्यामुळे ग्रंथालयाची संगीतशाळा करताना पुस्तके ठेवण्याची जागा उपयोगी पडू शकते. जेथे जमीन दुबळी आहे तेथे एका जड थराऐवजी दोन हलके थर आणि मध्ये तंतुमय पदार्थाने भरलेली पोकळी असा मार्ग घेतात. उंच सुरांना तो पुरतो. ढोलासारख्या खर्जाच्या आवाजाला पुरत नाही, कारण हळू कंपनांना जड वस्तूच अडवते.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय नकाशावरच करायचा असतो. ढोल आणि पितळी वाद्ये तळमजल्यावर ठेवायची. दोन सराव-खोल्यांच्या मध्ये कोठी, जिना किंवा बोळ येऊ द्यायचा. सभागृहाच्या भिंतीला यंत्रांची खोली लागू द्यायची नाही. याला एक वीटही जास्त लागत नाही.

हवा हवी, पण मुकी

फटी बुजवल्या, खिडक्या बंद केल्या. आता माणसांनी श्वास कसा घ्यायचा? हवा यंत्राने आत आणावी लागते आणि यंत्र आवाज करते. मैफलीच्या सभागृहात पार्श्वभूमीचा आवाज २५ डेसिबेलच्या आसपास हवा. तसे नसेल तर हळुवार सूर घरघरीत बुडतात. नळातून वाहणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा आवाज सुमारे १५ डेसिबेलने वाढतो. म्हणून हवा संथ सोडायची. पण तेवढीच हवा निम्म्या वेगाने द्यायची तर नळाचे क्षेत्रफळ दुप्पट हवे. ३० सेंटिमीटरचा चौकोनी नळ आता ४२ सेंटिमीटरचा लागतो.

असे जाडजूड नळ जुन्या इमारतीत ठेवायचे कोठे? खोटे छत करून त्यावर लपवले तर जुनी नक्षी झाकते आणि उंच खिडक्यांच्या कमानी मध्येच कापल्या जातात. शिवाय छत खाली आल्याने घनफळ घटते आणि सॅबिनच्या सूत्राप्रमाणे निनादही जातो. म्हणून नळ माळ्यावरून, तळघरातून किंवा बंद पडलेल्या जुन्या धुराड्यांतून नेतात. दोन खोल्यांना एकच नळ जोडला तर तो बोलण्याच्या नळीसारखा आवाज इकडून तिकडे पोचवतो, म्हणून त्याला वळणे देतात आणि आतून मऊ अस्तर लावतात.

लाकूड ओलावा पितं, विटाही पितात

हवा नुसती थंड करून चालत नाही. हवेतून ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, म्हणून फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर चढतो. ऑर्गनची जी नळी २० अंश सेल्सिअसला ४४० कंपने देते, तीच ३० अंशांना ४४७ देते. तारेच्या वाद्यांचे असे होत नाही, तार तापून ढिली पडली तर सूर उलट उतरतो. मग दोघांचे जुळायचे कसे?

आर्द्रतेचा प्रश्न याहून बिकट आहे. पियानोच्या तारांखालची लाकडी फळी ओलाव्याने फुगते, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. कोरड्या हवेत ती आकसते आणि कधी तडकते. म्हणून वाद्यांसाठी सापेक्ष आर्द्रता वर्षभर ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. थंडीत गरम केलेली हवा फार कोरडी होते, तिच्यात मुद्दाम बाष्प सोडावे लागते. पण २० अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू ८ अंशांच्या जवळ असतो. बाहेर कडाक्याची थंडी असताना जुन्या एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग त्याहून थंड असतो. मग काचेवर पाणी जमते, खिडकीची लाकडी चौकट कुजते. बाष्प भिंतीत शिरले तर विटांच्या आत पाणी होते, ते गोठते आणि विटा फुटतात. वाद्यांना जे मानवते तेच भिंतींना बाधते.

आवाज अडवायला बसवलेली आतली खिडकी येथे पुन्हा उपयोगी पडते. तिची काच उबदार राहते आणि ती घट्ट असेल तर खोलीतली दमट हवा बाहेरच्या थंड काचेपर्यंत पोचतच नाही. फट बुजवण्याचे एकच काम ध्वनीसाठीही झाले आणि बाष्पासाठीही.

वर्गात करून पाहा

१. रिकाम्या वर्गात फुगा फोडा आणि भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करा. मग मुलांना बसवून तोच प्रयोग पुन्हा करा. आवाज विरायला लागलेला वेळ सॅबिनच्या सूत्राने काढलेल्या वेळेशी ताडून पाहा.

२. घंटी वाजणारे घड्याळ जाड खोक्यात ठेवा आणि झाकणाचे सांधे चिकटपट्टीने बंद करा. मग पट्टी थोडी थोडी सोडवा. किती लहान फटीला आवाज 'फुटतो' ते नोंदवा. नंतर खोके टेबलावर थेट आणि स्पंजावर ठेवून, टेबलाला कान लावून ऐका.

३. आपल्या शाळेचा नकाशा काढा. गायनाचा वर्ग, खेळाचे मैदान, रस्ता आणि परीक्षेची खोली कोठे आहेत ते दाखवा. खोल्यांची अदलाबदल करून गोंगाट किती कमी होईल याची चर्चा करा.

आपल्याकडे अनेक शाळा जुन्या वाड्यांत किंवा दगडी इमारतींत भरतात. गायनाचा वर्ग बहुधा उरलेल्या एखाद्या खोलीत बसतो. तंबोरा जुळत असताना शेजारच्या वर्गातले पाढे कानावर येतात आणि पाढे म्हणणाऱ्यांना तंबोरा ऐकू येतो. हिल हॉलसारखा खर्च कोणत्याही शाळेला परवडणार नाही. पण उपायांचा क्रम मात्र सगळीकडे एकच आहे. आधी नकाशा पाहून खोली निवडायची, मग फटी बुजवायच्या, मग सतरंजी, पडदे, पुस्तकांची उघडी कपाटे यांनी निनाद आवरायचा आणि यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करायचा. पहिल्या तीन पायऱ्यांना मोजपट्टी, आकडेमोड आणि थोडे कापड पुरते, आणि ती आकडेमोड नववी-दहावीच्या मुलांना येते. त्यांनी मोजमापे घेऊन मुख्याध्यापकांसमोर मांडली, तर गायनाच्या वर्गाची जागा निदान विचार करून ठरेल.